‘बोर्ड गेले’ : दुरुस्तीच्या नकाशांचा इतिहास

धागा.

जानेवारी ते मार्च हे दिंडोरी तालुक्यात द्राक्षतोडणीचे दिवस. मोहाडी, खेडगाव, जानोरी या पट्ट्यात पहाटेपासून क्रेट हलू लागतात. निर्यातीचा माल असेल तर कात्रीइतकीच आणखी एक वस्तू महत्त्वाची ठरते, ती म्हणजे लॅपटॉप. कोणते औषध कोणत्या तारखेला फवारले, फवारणी आणि काढणी यांत किती दिवस गेले, कोणत्या प्लॉटचा कोणता क्रमांक, हे सारे त्यात असते.

हे नोंदींचे वेड उगाच आलेले नाही. युरोपला जाणाऱ्या द्राक्षांचा माग बागेपर्यंत लागावा म्हणून २००६ च्या सुमारास अपेडाने ‘ग्रेपनेट’ ही संगणकीय व्यवस्था आणली. पुढे २०१० साली क्लोरमेक्वाट क्लोराईडचा, म्हणजे बागायतदारांच्या भाषेत ‘सीसीसी’चा, अंश सापडल्यामुळे युरोपात भारतीय द्राक्षांचे कंटेनर अडकले. नाशिक जिल्ह्याला त्याची मोठी झळ बसली. त्यानंतर नोंद हाच मालाचा जन्मदाखला झाला.

आता असा लॅपटॉप ऐन हंगामात एका सकाळी सुरूच होत नाही, असे समजा. दिवा नाही, पंख्याचा आवाज नाही. दुकानदार चार्जर बदलून पाहतो, रॅम काढून पुन्हा बसवतो आणि दोन शब्दांत निकाल देतो : ‘बोर्ड गेले.’ नव्या बोर्डाची किंमत ऐकून बहुतेक लोक यंत्र पिशवीत घालून परत निघतात.

हे दोन शब्द वरवर निदानासारखे वाटतात, पण ते निदान नव्हे. मदरबोर्डवर शेकडो सुटे भाग असतात. त्यांतला एक बिघडतो आणि दोष साऱ्या बोर्डावर जातो. ‘पेशवाई का बुडाली?’ या प्रश्नाला ‘राज्य गेले म्हणून’ असे उत्तर देण्यासारखाच हा प्रकार. मग हे शब्द रूढ कसे झाले? त्यासाठी साठ-सत्तर वर्षे मागे, मुंबईला जावे लागते.

मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रंगस्वामी नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली एका तरुण गटाने संगणक बांधला. त्याची छोटी चाचणी आवृत्ती १९५६ मध्ये तयार झाली, पूर्ण यंत्र १९६० मध्ये चालू झाले आणि १९६२ मध्ये पंडित नेहरूंनी त्याचे ‘टिफ्रॅक’ असे नामकरण केले. यंत्रात सुमारे २७०० निर्वात नळ्या होत्या. नळी म्हणजे तापणारी, जळणारी वस्तू. ती केव्हातरी जाणारच, हे गृहीत होते. नळी गेली की ती शोधायची, काढायची, दुसरी बसवायची. येथे दुरुस्तीचा प्रश्न मुळी प्रश्नच नव्हता, कारण दुरुस्त करणारे आणि बांधणारे हात एकच होते. नकाशा त्यांच्या कपाटात होता; खरे तर त्यांच्या डोक्यात होता.

पुढचा टप्पा मात्र वेगळा. १९६१ मध्ये मुंबईत एस्सो या तेलकंपनीकडे आयबीएमचा १४०१ हा संगणक आला. त्याच्या पोटात हाताच्या पंजापेक्षाही लहान अशा छापील सर्किटच्या पट्ट्या खाचांमध्ये ओळीने खोवलेल्या असत. आयबीएमचा अभियंता यायचा, तर्कजुळणीच्या नकाशांची जाडजूड बाडे उघडायचा, ऑसिलोस्कोप लावून खुणेच्या जागी संदेश येतो की नाही ते पाहायचा आणि दोषी पट्टी उपटून नवी खोवायचा. पद्धत उत्तम होती. अडचण एवढीच, की ती बाडे त्याचीच होती. यंत्रही बहुधा भाड्याचे असे, मालकी कंपनीची.

अमेरिकेत या मक्तेदारीला तोवर लगाम बसला होता. जानेवारी १९५६ मध्ये सरकारशी झालेल्या न्यायालयीन तडजोडीनुसार आयबीएमला आपली यंत्रे विकणे, तसेच सुटे भाग आणि दुरुस्तीची पुस्तके बाहेरच्या कारागिरांना उपलब्ध करून देणे बंधनकारक झाले. दुरुस्तीच्या हक्काची चर्चा आज ज्या शब्दांत चालते, त्यातले बरेचसे या एका दस्तऐवजात सापडते. पण हा निवाडा अमेरिकेपुरता होता. भारतात कंपनीच्या मुंबईतील कारखान्यात परदेशात वापरून झालेले १४०१ नीटनेटके करून येथील ग्राहकांना भाड्याने दिले जात, आणि त्याबद्दल सरकारी समित्यांनी आयबीएमवर कडक टीका केली.

नंतरची कथा अनेकांना अर्धीच ठाऊक असते. १९७३ च्या परकीय चलन नियमन कायद्याने परदेशी कंपन्यांना भारतातील भागभांडवल ४० टक्क्यांवर आणण्यास सांगितले. आयबीएमने नकार दिला. जनता सरकारच्या काळात, जॉर्ज फर्नांडिस उद्योगमंत्री असताना, कंपनीने १९७८ मध्ये देश सोडला. कोका-कोलाच्या जाण्याची आठवण सांगणारे पुष्कळ भेटतात. पण शीतपेय गेले तर दुसरे पिता येते. संगणकाचा दुरुस्तीवाला गेला तर बँकेचे, रेल्वेचे, तेलकंपनीचे हिशेब थांबतात.

ते थांबले नाहीत. कारण डिसेंबर १९७५ मध्येच भारत सरकारने एक कंपनी स्थापन केली होती. तिचे नाव होते कॉम्प्युटर मेंटेनन्स कॉर्पोरेशन. संगणक बनवणे हा तिचा उद्देश नव्हता. कोणत्याही कंपनीचा संगणक दुरुस्त करणे हा होता. केवळ दुरुस्तीसाठी सरकारने उभारलेली कंपनी ही कल्पना आजही विलक्षण वाटते. आयबीएम गेल्यावर तिचे अनेक अभियंते या कंपनीत आले. काहींनी स्वतःची वेगळी कंपनीही काढली. देशभर विखुरलेली शेकडो यंत्रे त्यांनी पुढे वर्षानुवर्षे चालू ठेवली, सुटे भाग मिळाले नाहीत तेव्हा पर्याय शोधून. १९८४ मध्ये तिचे नाव ‘सीएमसी’ एवढेच उरले. १९८५-८६ मध्ये दिल्लीत सुरू झालेली रेल्वेची संगणकीय आरक्षणव्यवस्था तिनेच उभी केली. नावातून ‘मेंटेनन्स’ गळाले आणि हळूहळू कामातूनही. २००१ मध्ये ती टाटांकडे गेली, २०१५ मध्ये टीसीएसमध्ये विलीन झाली.

भारतीय संगणकयुगाच्या इतिहासात सॉफ्टवेअरच्या यशाला जेवढी पाने मिळतात, त्यांतली चार पाने या दुरुस्तीवाल्यांना मिळायला हवी होती. ती मिळाली नाहीत.

आता वैयक्तिक संगणकाकडे. १२ ऑगस्ट १९८१ रोजी आयबीएमने आपला पीसी बाजारात आणला आणि त्याबरोबर तांत्रिक संदर्भग्रंथही विक्रीस ठेवला. त्यात बोर्डाचा संपूर्ण सर्किट-नकाशा होता. इतकेच काय, यंत्राला जागे करणाऱ्या बायोस या मूळ आज्ञावलीची ओळ न् ओळ छापलेली होती. यंत्र सुरू होताच स्वतःची तपासणी करी. सारे ठीक असेल तर एक छोटी शीळ. एक लांब आणि दोन छोट्या आल्या तर दोष चित्र दाखवणाऱ्या कार्डात. स्मृतीची चिप बिघडली असेल तर पडद्यावर येणाऱ्या आकड्यावरून नेमकी कोणत्या ओळीतली कोणती चिप, हेही कळे. बऱ्याच चिपा खाचांत बसवलेल्या असत. पेचकसाच्या टोकाने उचकटावी, दुसरी दाबून बसवावी. १९८४ च्या एटी या प्रतिमानापासून तपासणीचा प्रत्येक टप्पा ठरावीक क्रमांक बाहेर पाठवू लागला. तो क्रमांक दाखवणारे छोटे कार्ड बोर्डात खोवले की यंत्र कोणत्या पायरीवर अडखळले ते दिसे.

या उघडेपणाचा तोटा आयबीएमला झाला, कारण त्याच आधारावर नकला निघाल्या. फायदा जगाला झाला. मुंबईत तो लॅमिंग्टन रोडवर झाला. १९०३ ते १९०७ या काळात मुंबईचे गव्हर्नर असलेल्या लॉर्ड लॅमिंग्टन यांच्या नावाचा हा रस्ता. कागदोपत्री आता डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, पण गिऱ्हाईक जुनेच नाव घेते. रेडिओ आणि टीव्हीच्या सुट्या भागांचा हा बाजार नव्वदच्या दशकात संगणकाच्या भागांनी भरून गेला. बोर्ड एकाकडून, रॅम दुसऱ्याकडून, कॅबिनेट तिसऱ्याकडून घेऊन जुळवलेला ‘असेंबल्ड’ संगणक महाराष्ट्राच्या तालुक्या-तालुक्यांत पोहोचला. नाशिक, मालेगाव, दिंडोरी येथले पहिल्या पिढीतले कारागीर या जुळवाजुळवीतूनच शिकले.

मात्र ते शिकले ती ‘कार्ड लेव्हल’ची विद्या. कोणता भाग बिघडला ते अदलाबदल करून ओळखायचे आणि भागच बदलायचा. डेस्कटॉपमध्ये बोर्ड तुलनेने स्वस्त आणि प्रमाणित मापाचे असल्यामुळे हे परवडले. ‘बोर्ड गेले’ या वाक्याचा जन्म येथला आहे. त्या काळी ते बऱ्यापैकी योग्यही होते.

लॅपटॉपने गणित उलटवले. येथे प्रत्येक प्रतिमानाचे बोर्ड वेगळे. एकाचे दुसऱ्यात बसत नाही. प्रोसेसर खाचेतून निघून बोर्डाला डाखला गेला, मग रॅम, आणि पातळ यंत्रांत तर साठवणुकीची चिपसुद्धा. चिपेचे पाय बाजूला दिसेनासे झाले. तिच्या पोटाखाली कथिलाच्या बारीक गोळ्यांची रांग आली. आणि नकाशे? ते आता कंपनीचे गुपित झाले. जे नकाशे बाजारात फिरतात, ते बहुतांशी कोठूनतरी गळालेले असतात. कारागीर ते हाताशी ठेवतो, पण उघडपणे त्यांचे नाव घेत नाही.

या संक्रमणाच्या काळात दोन मोठे रोग येऊन गेले. पहिला कपॅसिटरांचा. २००० च्या आसपास बनलेल्या असंख्य बोर्डांवरील दंडगोलाकार कपॅसिटर फुगून फुटू लागले. आतले रसायनच सदोष होते. २००३ ते २००५ दरम्यान डेलने पाठवलेल्या सुमारे १ कोटी १८ लाख संगणकांना हा धोका असल्याचे एका खटल्याच्या कागदपत्रांतून पुढे आले. हा रोग दयाळू होता. फुगलेला कपॅसिटर डोळ्यांना दिसतो आणि काही रुपयांत बदलता येतो.

दुसरा रोग फसवा. २ जुलै २००८ रोजी एनव्हिडिया कंपनीने जाहीर केले, की लॅपटॉपमधील तिच्या काही चित्रचिपा अपेक्षेपेक्षा अधिक प्रमाणात बिघडत असून त्यासाठी १५ ते २० कोटी डॉलरची तरतूद करावी लागेल. एचपी आणि डेलने त्या यंत्रांची हमी वाढवली. दोष होता चिपेच्या आत, सिलिकॉनच्या तुकड्याला त्याच्याच तळपट्टीशी जोडणाऱ्या सूक्ष्म टेकूंत. तापणे-निवणे, तापणे-निवणे, आणि टेकूला तडा.

योगायोग असा, की १ जुलै २००६ पासून युरोपने इलेक्ट्रॉनिक वस्तूंत शिशावर बंदी घातली होती आणि बोर्डांची डाखणी शिसेविरहित झाली होती. जुने शिसे-कथिल १८३ अंशांना वितळे, नवे मिश्रण सुमारे २१७ अंशांना. साहजिकच जगभरच्या कारागिरांनी संशय नव्या डाखणीवर घेतला. चिपेला गरम हवा द्यायची, म्हणजे खालच्या गोळ्या पुन्हा चिकटतील. आणि चमत्कार, लॅपटॉप सुरू व्हायचा! चार आठवड्यांनी पुन्हा बंद. कारण उष्णतेने आतला तडा तात्पुरता सांधला जाई. बाहेरच्या गोळ्यांचा बिचाऱ्यांचा काही संबंधच नव्हता. उपाय लागू पडला म्हणजे निदान बरोबर होते, हा तर्क किती घातक असतो याचे याहून चांगले उदाहरण सापडणे कठीण. गिऱ्हाइकाने पैसे मोजले, कारागिराची पत गेली, आणि चूक मूळची तिसऱ्याचीच होती.

तरीही याच काळात भारतात ‘चिप लेव्हल’ दुरुस्तीची शाळा घडली. तिची पद्धत इतिहासाच्या विद्यार्थ्याला ओळखीची वाटेल. गिऱ्हाईक सांगते ती बखर : ‘काही केले नाही, आपोआप बंद पडला.’ ती ऐकावी, पण प्रमाण मानू नये. की-बोर्डखाली चहाचा डाग बहुधा निघतोच. राजवाड्यांनी अस्सल पत्रांचा आग्रह धरला, तसा येथे मल्टिमीटरचा धरायचा.

आधी वीज न लावता मुख्य मार्गांचा जमिनीशी रोध मोजायचा. तो शून्याजवळ असेल तर कोठेतरी शॉर्ट आहे. मग १९ व्होल्टची नियंत्रित वीज देऊन प्रवाह पाहायचा. प्रवाह अगदी शून्य, तर वीज आत शिरतच नाही : चार्जिंगची पिन, फ्यूज किंवा दारावरचे पहिले मॉस्फेट तपासायचे. थोडे मिलिअँपिअर, तर बोर्ड झोपलेले आहे पण जिवंत आहे. वीज लावताच प्रवाह उसळला आणि व्होल्टेज कोसळले, तर शॉर्ट पक्का.

निरोगी बोर्डात वीज पायऱ्यापायऱ्यांनी चढते. बटण दाबण्यापूर्वीच ३.३ आणि ५ व्होल्टचे दोन मार्ग जागे असावे लागतात. त्यांवर एक छोटा नियंत्रक पहारा देतो. बटणाचा संदेश त्याच्याकडे जातो, तो पुढच्यांना उठवतो, मग रॅमचा मार्ग, आणि सर्वांत शेवटी प्रोसेसरचा, जो साधारण एका व्होल्टवर चालतो. साखळी कोठे तुटली ते पाहायचे आणि त्याच्या एक पायरी अलीकडे शोधायचे.

शॉर्ट शोधण्याची एक युक्ती फार सुंदर आहे. दोषी मार्गावर बाहेरून एखादा व्होल्ट सोडायचा आणि बोर्डावर आयसोप्रोपिल अल्कोहोल पसरायचे. जो भाग वीज गिळतो तो तापतो, आणि त्याच्यावरचे अल्कोहोल सर्वांत आधी उडते. त्या कोरड्या ठिपक्यात बसलेला असतो एक सिरॅमिक कपॅसिटर, बहुधा एक मिलिमीटर लांब आणि अर्धा मिलिमीटर रुंद. तो उपटला की बरेचदा यंत्र सुरू होते. त्याच्या शेजारी तेच काम करणारे आणखी अनेक असल्यामुळे एकावाचून फारसे अडत नाही. नव्या बोर्डाचा खर्च सांगितला गेला तो या तीळभर वस्तूपायी!

नेहमीच असे भाग्य लाभत नाही, हेही सांगितले पाहिजे. प्रोसेसरच्या वाटेवरील वरचे मॉस्फेट आरपार जळले तर १९ व्होल्ट थेट एका व्होल्टच्या चिपेत घुसतात. तेथे ‘बोर्ड गेले’ हे शब्द खरे असतात.

नकाशाबाबत एक सावधगिरी. एकाच नावाच्या लॅपटॉपमध्ये दोन-तीन वेगळी बोर्डे निघतात. म्हणून कव्हरवरचे नाव न पाहता बोर्डावर छापलेला क्रमांक पाहावा लागतो. कॉम्पालने बनवलेल्या बोर्डांवर तो ‘एलए’ने सुरू होतो. इतिहासप्रेमींना हा घोळ नवा नाही. दिंडोरी तालुक्यात कादवा नदीवर पालखेडचे धरण आहे, म्हणून १७२८ ची बाजीराव-निजाम लढाई तेथेच शोधणारे भेटतात. ते पालखेड वैजापूर तालुक्यातले.

दिंडोरीच्या सीमेवरच या साऱ्याचे एक विरुद्ध उदाहरण उभे आहे. जानोरीला लागून ओझरचा हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा कारखाना. १९६२ च्या सोव्हिएत करारानंतर मिग-२१ ची बांधणी भारतात करायचे ठरले : सांगाडा ओझरला, इंजिन कोरापुटला, इलेक्ट्रॉनिक उपकरणे हैदराबादला. परवान्यासोबत आरेखने आली, आणि आरेखने आली म्हणून दुरुस्ती आली. मिग-२१ ची बांधणी १९८७ मध्ये थांबली; पण ओझरला विमाने सुटी होऊन तपासली जात राहिली, काहींचे ‘बायसन’ हे सुधारित रूपही तेथेच घडले. शेवटचे मिग-२१ सेवेतून निवृत्त झाले २६ सप्टेंबर २०२५ रोजी. त्यांच्या अपघातांचा इतिहास वेगळा आणि वेदनादायक आहे. तरी एवढे खरे, की ध्वनीपेक्षा वेगवान विमान ज्या परिसरात पुन्हा जुळवले जाते, तेथून थोड्या अंतरावर पाच वर्षांचा लॅपटॉप नकाशाअभावी भंगारात जातो.

जुलै २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने निधी खरे यांच्या अध्यक्षतेखाली दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली. शेतीची अवजारे, मोबाइल व इलेक्ट्रॉनिक वस्तू, गृहोपयोगी उपकरणे आणि वाहने ही चार क्षेत्रे तिने निवडली. २४ डिसेंबर २०२२ रोजी, राष्ट्रीय ग्राहक दिनी, पोर्टल सुरू झाले. त्यावर प्रामुख्याने माहितीपुस्तिका, हमीच्या अटी आणि सेवाकेंद्रांचे पत्ते मिळतात. १९८१ च्या त्या ग्रंथातल्यासारखा सर्किट-नकाशा मिळत नाही.

दरम्यान साठवणुकीची चिप बोर्डावरच डाखली गेल्याने प्रश्नाचे स्वरूप बदलले आहे. पूर्वी बोर्ड मेले तरी हार्ड डिस्क काढून दुसऱ्या यंत्रात लावता येई. आता काही प्रतिमानांत बोर्डाबरोबर फवारणीची वही, सातबाऱ्यांच्या प्रती, मुलांचे फोटो असे सगळेच जाते, आणि माहिती सांकेतिक कुलपात असेल तर ती चिप वेगळी काढूनही वाचता येत नाही. तेच बोर्ड पुन्हा उठवावे लागते. म्हणून आजचा चिप लेव्हल कारागीर कधी कधी गिऱ्हाइकाला आधीच विचारून घेतो : लॅपटॉप हवा आहे की आतला डेटा? उत्तर ‘डेटा’ असेल तर बोर्ड वर्षभर टिकायची गरज नसते. तीळभर कपॅसिटर निघतो, जळलेल्या मार्गावर केसाएवढी तार जोडली जाते, यंत्र टेबलावर उघडेच सुरू होते, आणि फाइली दुसऱ्या डिस्कवर उतरेपर्यंत कोणी त्याला हात लावत नाही.